ड्राफ्टमधे गेलेल्या आजोबांचं युद्ध कागदांवरून कसं शोधायचं

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मराठी घरांत आता जावई नाहीतर सून अमेरिकन आहे, आणि त्यांच्याकडच्या बेसमेंटमधे एक तरी खोका असतोच ज्यात आजोबा-पणजोबांची दुसऱ्या महायुद्धातली पदकं, युनिफॉर्ममधला एक फोटो आणि घड्यांवर फाटत आलेला डिस्चार्जचा, म्हणजे लष्करातून सुटल्याचा, कागद असतो. पोरं शाळेच्या प्रोजेक्टसाठी विचारतात की पणजोबा युद्धात काय करत होते, आणि घरातल्या कोणालाच धड सांगता येत नाही. माझे आजेसासरे पेन्सिल्व्हेनियाचे, अठराव्या वर्षी ड्राफ्ट झाले, म्हणजे सक्तीच्या भरतीत गेले, आणि एकोणिसाव्या वर्षी युरोपात पोचले. ते युद्धात मागच्या बाजूला ट्रक चालवायचे असं सगळं घर सत्तर वर्षं धरून चाललं होतं, कारण डिस्चार्जच्या कागदावर ट्रक कंपनीचं नाव होतं. प्रत्यक्षात ते आघाडीवर लढणाऱ्या रायफल कंपनीत होते, जर्मनीतल्या ह्युर्टगेनच्या जंगलात. हे कसं कळलं आणि तुम्हाला तुमच्या घरच्या माणसाबद्दल कसं काढता येईल ते सविस्तर लिहितेय. ही पद्धत अमेरिकन लष्करातल्या साध्या शिपायासाठी आहे. ऑफिसर आणि नेव्ही यांचे कागद वेगळे असतात.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. बहुतेक जण काय करतात, तर कागदावरचं डिव्हिजनचं नाव बघतात, इंटरनेटवर त्या डिव्हिजनचा इतिहास वाचतात आणि तो सगळा आजोबांच्या नावावर लावून टाकतात. असं करू नका. एका इन्फन्ट्री, म्हणजे पायदळाच्या, डिव्हिजनमधे १४ हजारांच्या आसपास माणसं असायची, आणि ड्राफ्ट होऊन आलेला पोरगा बहुतेकदा रिप्लेसमेंट म्हणून, म्हणजे मेलेल्या किंवा जखमी झालेल्याच्या जागी मधेच कधीतरी येऊन पडायचा. डिव्हिजन जुलैमधे लढत असेल आणि तुमचा माणूस ऑक्टोबरमधे आला असेल तर जुलैची लढाई त्याची नाही. डिव्हिजनमधे रेजिमेंट, रेजिमेंटमधे बटालियन आणि बटालियनमधे कंपन्या अशी उतरंड असते. तुम्हाला दोनच गोष्टी शोधायच्यात, त्याची कंपनी कुठली आणि तो त्या कंपनीत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता. ह्या दोन मिळाल्या की बाकीचं आपोआप उलगडत जातं, आणि ह्या नसतील तर कितीही पुस्तकं वाचली तरी उपयोग नाही.

ड्राफ्टबद्दल थोडं

सक्तीच्या भरतीच्या कायद्यावर रूझवेल्टची सही झाली १६ सप्टेंबर १९४० ला, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. सुरुवातीला २१ ते ३५ वयाच्यांची नोंदणी झाली, आणि नोव्हेंबर १९४२ पासून १८-१९ वर्षांची पोरं घ्यायला लागले. एकूण साधारण १ कोटी माणसं ह्या रस्त्याने गेली. घरात कधीकधी कुजबुज असते की आजोबा स्वतःहून नाही गेले, ड्राफ्ट झाले, म्हणजे त्यांना जायचं नव्हतं वगैरे. तर डिसेंबर १९४२ मधे १८ ते ३७ वयाच्या पुरुषांची स्वतःहून भरती व्हायची सोयच सरकारने बंद केली होती, कोणाला कुठे पाठवायचं ते सरकारला ठरवायचं होतं म्हणून. त्यामुळे १९४३ नंतर गेलेल्या पोराच्या कागदावर ड्राफ्ट असणारच, त्यावरून त्याच्या मनात काय होतं ते काढू नका.

डिस्चार्जचा कागद नीट वाचा

सामान्य शिपायाला सुटताना जो कागद मिळायचा त्याच्या एका बाजूला मोठ्या अक्षरात ऑनरेबल डिस्चार्ज असं असतं आणि दुसऱ्या बाजूला बारीक चौकटींचा फॉर्म, त्याचा नंबर ५३-५५. लोक पहिली बाजू फ्रेम करून भिंतीवर लावतात आणि खरा माल मागच्या बाजूला राहतो. फ्रेम उघडा आणि मागची बाजू चांगल्या उजेडात फोटो काढून घ्या, मोठं करून वाचता येईल असा.

चौकट ६ मधे युनिटचं नाव असतं, आणि नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. हे युनिट म्हणजे सुटताना तो ज्यात होता ते, लढला ज्यात ते नाही. युद्ध संपल्यावर कोणाला आधी घरी पाठवायचं हे पॉइंटवर ठरायचं, महिन्याच्या नोकरीला एक पॉइंट, परदेशातल्या महिन्याला आणखी एक, प्रत्येक मोहिमेच्या ताऱ्याला किंवा पदकाला पाच, आणि मूल असेल तर बारा, तीन मुलांपर्यंत. मे १९४५ मधे ८५ पॉइंट लागायचे. ज्यांचे पॉइंट भरले त्यांना उचलून घरी निघालेल्या युनिटमधे टाकायचे आणि कमी पॉइंटवाल्यांना राहणाऱ्या युनिटमधे, त्यामुळे अख्ख्या डिव्हिजनच्या डिव्हिजन आतून बदलून गेल्या. दुसरं कारण म्हणजे हॉस्पिटल. जखमी किंवा आजारी होऊन परत आलेला माणूस पायदळाच्या कामाचा राहिला नाही की त्याला मागे कुठेतरी लावायचे, पोलिसांत, गोदामावर, ट्रक कंपनीत. आमच्या आजेसासऱ्यांचं हेच झालं होतं. चौकट ३० मधे कामाचा कोड असतो, तोसुद्धा बऱ्याचदा शेवटच्या कामाचाच असतो. ७४५ म्हणजे रायफलमन, ७४६ म्हणजे ऑटोमॅटिक रायफलवाला, ६५३ म्हणजे स्क्वॉड लीडर. यातलं काही दिसलं तर उत्तम, पण ट्रक ड्रायव्हरचा कोड दिसला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका.

आता चौकट ३१ बघा. इथे कंबॅट इन्फन्ट्रीमन बॅज लिहिलेला असला तर थांबा, कारण हा बॅज पायदळातल्या आणि प्रत्यक्ष लढाईत उतरलेल्या माणसालाच मिळायचा, १९४३ च्या अखेरीला सुरू झाला आणि त्याचे महिन्याला १० डॉलर जास्त मिळायचे. पन्नास डॉलर पगाराच्या शिपायाला ते १० डॉलर मोठे होते. आमच्याकडे हीच एक ओळ होती. ट्रक कंपनीवाल्याला हा बॅज मिळणं शक्य नाही, म्हणजे ट्रक कंपनीच्या आधी काहीतरी होतं, आणि घरातल्या कोणी ती ओळ कधी वाचलीच नव्हती. आणखी एक, १९४७ मधे सरकारने ठरवलं की ज्यांच्याकडे हा बॅज आहे त्यांनी अर्ज केला तर ब्राँझ स्टार द्यायचा. त्यामुळे डिस्चार्जच्या कागदावर ब्राँझ स्टार नसेल आणि घरात पदक असेल तर त्यात खोटं काही नाही, आणि त्या पदकामागे एखादी ठराविक पराक्रमाची गोष्ट असेलच असंही नाही.

चौकट ३२ म्हणजे मोहिमा. नॉर्मंडी ही ६ जून ते २४ जुलै १९४४, नॉर्दर्न फ्रान्स २५ जुलै ते १४ सप्टेंबर, ऱ्हाइनलँड १५ सप्टेंबर १९४४ ते २१ मार्च १९४५, आर्डेन-अल्सास १६ डिसेंबर १९४४ ते २५ जानेवारी १९४५, आणि सेंट्रल युरोप २२ मार्च ते ११ मे १९४५. ह्यातली कुठली आहे आणि कुठली नाही ह्यावरून साधारण कधी आला ते लगेच कळतं. समजा फक्त ऱ्हाइनलँड आहे आणि आर्डेन नाही, तर डिसेंबर-जानेवारीत माणूस आघाडीवर नव्हता किंवा दुसऱ्या भागात होता, मग तो कुठे होता हा तुमचा पुढचा प्रश्न. चौकट ३४ मधे जखमा. इथे काही नाही असं लिहिलं असलं तरी माणूस धड होता असं समजू नका, ट्रेंच फूट झालेल्यांना, म्हणजे दिवसेंदिवस ओल्या थंड बुटांत राहून पाय सडायला लागलेल्यांना, ती जखम धरत नसत आणि पर्पल हार्ट हे जखमी सैनिकाचं पदकही मिळत नसे. चौकट ३६ मधे जहाज सुटल्याची आणि पोचल्याची तारीख असते, जातानाची आणि येतानाची, आणि ह्या चार तारखा सहसा बरोबर असतात म्हणून वहीत पहिल्यांदा त्या उतरवून घ्या. चौकट २२ आणि २४ मधल्या तारखांत फरक दिसला तर गोंधळू नका, आधी भरतीची तारीख असते आणि मग साधारण तीन आठवडे घरी जाऊन आवराआवर करायला दिलेले असायचे.

कागदच घरात नसेल तर दोन जागा आहेत. परत आल्यावर कित्येकांनी डिस्चार्ज काउंटीच्या कोर्टहाउसमधे नोंदवून ठेवला, कारण नोकरी-कर्जाला तो लागायचा, तेव्हा ते ज्या काउंटीत राहायचे तिथे चौकशी करा. आणि काही राज्यांनी युद्धानंतर बोनस दिला, पेन्सिल्व्हेनियाने १९५० च्या सुमारास दिला, त्याच्या अर्जांत देशातली आणि परदेशातली नोकरी तारखांसकट लिहिलेली असते.

नंबर

डॉग टॅग, म्हणजे सैनिकाच्या गळ्यातला ओळखीचा पत्रा, किंवा कागद, कशावरून का होईना, आठ आकडी सिरियल नंबर पाठ करा. पहिला आकडा ३ किंवा ४ असेल तर माणूस ड्राफ्टमधला, १ असेल तर स्वतःहून भरती झालेला, २० ने सुरू होत असेल तर नॅशनल गार्डचा, म्हणजे राज्यांच्या राखीव दलातला. दुसरा आकडा देशाच्या कुठल्या भागातून भरती झाली तो, म्हणजे ३३ असेल तर पेन्सिल्व्हेनिया, मेरीलँड, व्हर्जिनियाकडचा, ३६ असेल तर इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिनकडचा. एका नावाची शंभर माणसं सापडतात, नंबर एकाचाच असतो. नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवर भरतीच्या पंचकार्डांचा डेटाबेस फुकट आहे, त्यात नंबर टाकला की भरतीची जागा, तारीख, जन्मवर्ष, शिक्षण, आधीचा धंदा एवढं मिळतं. कार्डं मायक्रोफिल्मवरून मशीनने वाचलीत त्यामुळे चुका आहेत, नावाने नाही सापडलं तर नंबरने शोधा, नंबरने नाही तर काउंटी आणि जन्मवर्ष लावून बघा.

डॉग टॅगवर टी आणि दोन आकडे असतात ते धनुर्वाताच्या इंजेक्शनचं वर्ष, शेवटी पी, सी किंवा एच हे धर्माचं अक्षर. जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता कोरलेला असेल तर टॅग जुलै १९४३ च्या आधीचा, कारण नंतर ते काढून टाकलं. आणि त्या टॅगच्या कडेला जी खाच असते ती मेलेल्याच्या दातांत अडकवायला असायची अशी गोष्ट पोरांना कोणीतरी सांगतंच, ती खरी नाही, टॅग ठोकायच्या मशीनमधे पत्रा नीट बसावा म्हणून ती खाच होती.

सेंट लुइसची आग

आता तुम्ही म्हणाल, एवढं कशाला, सरकारकडून अख्खी सर्व्हिस फाइलच मागवू. मागवाच, पण आधी हे माहिती असू द्या. सगळ्या फाइली सेंट लुइसला ठेवलेल्या होत्या आणि १२ जुलै १९७३ ला तिथे वरच्या मजल्यावर आग लागली, ती पूर्ण विझायला चार दिवस लागले. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली गेल्या. नोव्हेंबर १९१२ ते १९५९ अखेर सुटलेल्या लष्करातल्या माणसांच्या साधारण ८० टक्के. कॉपी नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती. जे वाचलं त्यातलंही बरंच कडेने जळालेलं आणि पाण्याने भिजलेलं आहे. तरी अर्ज करा, कारण तुमच्या माणसाची फाइल उरलेल्या वीस टक्क्यांत असू शकते, आणि नसेल तरी शेवटच्या पगाराची नोंद बऱ्याचदा सापडते. सुटून ६२ वर्षं झाली की फाइल कोणालाही मागता येते, तुम्ही सून असा, नातजावई असा नाहीतर शेजारी. अर्जात नंबर लिहा आणि जळाली असं उत्तर आलं तर तिथेच सोडून देऊ नका, बहुतेक लोक नेमके इथे सोडतात आणि पुढची सगळ्यात चांगली गोष्ट त्यांच्या हाताला लागतच नाही.

मॉर्निंग रिपोर्ट

ही ती गोष्ट. प्रत्येक कंपनी रोज एक रिपोर्ट भरायची, काल ते आज माणसांत काय फरक पडला एवढाच. कोण आला, कोण गेला, कोण आजारी, कोण जखमी, कोण मेला, कोण बेपत्ता. ज्याच्या बाबतीत काही बदल नाही त्याचं नाव नाही. हे रिपोर्ट त्या आगीतून वाचले, आणि बरेचसे आता स्कॅन होऊन ऑनलाइन यायला लागलेत. पण ते नावावर लावलेले नाहीत, कंपनी आणि महिन्यावर लावलेत, म्हणून मी सुरुवातीपासून कंपनी कंपनी करतेय.

मग कंपनी कुठून काढायची? घरातल्या पत्रांवरून. पत्रात काही नसतं, त्यांच्या ऑफिसरला प्रत्येक पत्र वाचून त्यातलं गाव, तारीख, युनिटचं काम कापून टाकायचं असायचं, त्यामुळे आत फक्त "मी बरा आहे, मोजे पाठवा." पण पाकिटाच्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, नाव, नंबर, कंपनीचं अक्षर, रेजिमेंट आणि एपीओ, म्हणजे लष्करी पोस्ट ऑफिसचा, नंबर, पोस्टमास्टर न्यूयॉर्क. कोणी हौसेने पाकिटं फेकून नुसती पत्रं जपली असतील तर व्ही-मेल शोधा, म्हणजे फिल्मवर उतरवून पाठवलेली आणि पुन्हा छोट्या कागदावर छापलेली पत्रं, त्यात पत्ता पत्राच्याच पानावर असतो. आमच्याकडे आजेसासऱ्यांच्या बहिणीने एका बिस्किटांच्या डब्यात पाच-सहा पाकिटं ठेवली होती आणि त्यातल्या एकावर एल कंपनी, ११२ वी इन्फन्ट्री, एपीओ २८ असं पेन्सिलीत लिहिलेलं होतं. २८ म्हणजे २८ वी डिव्हिजन. जुन्या डिव्हिजनांचा एपीओ बऱ्याचदा तिच्याच नंबरचा असतो, नंतर उभ्या केलेल्या डिव्हिजनांचा तसा नसतो, त्याच्या याद्या मिळतात.

पत्रंही नसतील तर सर्जन जनरलच्या, म्हणजे लष्कराच्या मुख्य डॉक्टरांच्या, हॉस्पिटल कार्डांचा डेटाबेस आहे, त्यात नाव नसतं, नुसता सिरियल नंबर, महिना आणि दुखणं. तिथे महिना मिळाला तर निदान शोधायची खिडकी लहान होते.

कंपनीचं अक्षर कळलं की बटालियन कळली. ए ते डी पहिली बटालियन, ई ते एच दुसरी, आय, के, एल, एम तिसरी, जे नावाची कंपनी नसतेच. प्रत्येकीत शेवटची, म्हणजे डी, एच, एम, ही जड मशीनगन आणि मॉर्टरवाल्यांची, बाकी रायफल कंपन्या, पूर्ण भरली तर १९३ माणसांची. हे का महत्त्वाचं ते २८ व्या डिव्हिजनवरूनच बघा. १६ डिसेंबर १९४४ ला जर्मनांनी आर्डेनमधे हल्ला केला तेव्हा तिच्या तीन रेजिमेंट एकाच नदीच्या काठावर ओळीने होत्या, मधली ११० वी लक्झेंबर्गमधल्या क्लेर्व्होच्या रस्त्यावर दोन-तीन दिवसांत जवळजवळ संपली, आणि उत्तरेची ११२ वी मागे सरकत बेल्जियममधल्या सेंट विथ गावाच्या बचावात सामील झाली. डिव्हिजन एकच, खांद्यावरचा लाल बिल्ला एकच, आणि दोन माणसांचं युद्ध पूर्ण वेगळं.

रिपोर्ट वाचायला सुरुवातीला जड जातो, सगळं टाइपरायटरवर आणि तोडलेल्या शब्दांत असतं. आमच्या बाबतीत मी जहाज पोचल्याच्या तारखेपासून पुढे एक एक दिवस उलटत गेले. ऑक्टोबरमधल्या एका पानावर रिप्लेसमेंट डेपोतून आलेल्या नावांची रांग आहे, एकाखाली एक, प्रत्येकासमोर नंबर, प्रायव्हेट, ७४५, आणि त्यात आजेसासऱ्यांचं आडनाव एका अक्षराने चुकवलेलं, नंबर मात्र बरोबर. पेन्सिल्व्हेनियाचा पोरगा पेन्सिल्व्हेनियाच्या जुन्या नॅशनल गार्ड डिव्हिजनमधे गेला हा निव्वळ योगायोग, डेपोवाले गाव बघून वाटप करत नसत, जिथे खड्डा पडलाय तिथे भरायचं. त्या रांगेतली नावं एका कागदावर उतरवून घ्या आणि पुढच्या पानांवर त्यांचं काय होतं ते बघा, हे मी सगळ्यांना सांगते, कारण तीच त्याच्याबरोबर आलेली, त्याच्याच वयाची पोरं असतात. आमच्या यादीतली बरीचशी नावं नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एकेक करून पुन्हा येतात आणि प्रत्येक वेळी शेजारी केआयए, एमआयए, एसडब्ल्यूए असं काहीतरी असतं. केआयए म्हणजे लढाईत मेला, एमआयए बेपत्ता, एसडब्ल्यूए गंभीर जखमी, एलडब्ल्यूए किरकोळ जखमी, एनबीसी म्हणजे लढाईतली जखम नाही पण माणूस कामातून गेला. आजेसासऱ्यांसमोर एनबीसी आहे. पाय.

तारखांबाबत सावध राहा. कंपनीचा कारकून आघाडीवर नसायचा, मागे असायचा, आणि ज्या आठवड्यात सगळ्यात जास्त माणसं गेली त्याच आठवड्यात बातमी त्याच्यापर्यंत पोचत नसे. त्यामुळे रिपोर्ट १२ तारखेचा असतो आणि ओळीत घटना ५ तारखेची लिहिलेली असते. घटनेची तारीख धरा, आणि त्याच्या पुढचे तीन-चार आठवड्यांचे रिपोर्ट वाचल्याशिवाय थांबू नका, दुरुस्त्या नंतर येतात, बेपत्ता म्हणून लिहिलेला कधी हॉस्पिटलमधे सापडतो, कधी कैदेत.

रिपोर्टवर कंपनी कुठे होती तेही असतं, कधी गावाचं नाव, कधी एक लहान अक्षर, एक मोठं अक्षर आणि आकडे. ते त्या काळच्या नॉर्ड द गेर नावाच्या नकाशाच्या ग्रिडचे आकडे आहेत, आजच्या अक्षांश-रेखांशात बदलून देणारी साधनं नेटवर आहेत. ते एकदा बदलून गूगल मॅपवर टाका आणि मग लढाईचा इतिहास उघडा, आता उघडा, आधी नाही. कारण आता तुम्हाला कळतं काय वाचायचं ते. २ नोव्हेंबरला ११२ व्या रेजिमेंटने फोसेनाक गाव घेतलं, ३ तारखेला तिसरी बटालियन काल नावाच्या नदीची खोल घळ ओलांडून कोमरशाइडमधून श्मिट गावात पोचली, ४ ला सकाळी जर्मन टँक घेऊन परत आले आणि ती बटालियन मागे ढकलली गेली. मागून मदत यायला एकच चिंचोळी जंगलवाट, तिच्यावर टँक कडेला घसरून अडकायचे. झाडांच्या शेंड्यांवर तोफगोळे फुटायचे आणि वरून लोखंड आणि लाकूड दोन्ही पडायचं, म्हणून जमिनीवर आडवं पडणं सोडून झाडाच्या बुंध्याला चिकटून उभं राहायला शिकवायचे. थंडी, पाऊस, बर्फ, आणि बुटांवर घालायचे रबरी बूट पुरेसे नव्हते. त्या दोन आठवड्यांत डिव्हिजनची ६ हजारांवर माणसं कामातून गेली.

रेजिमेंटचे रोजचे जर्नल आणि महिन्याचे अहवाल मेरीलँडमधे कॉलेज पार्कच्या आर्काइव्हजमधे आहेत. स्वतः जाता आलं तर जा, नाही तर संशोधक पैसे घेऊन फोटो काढून देतात. जो परत आला नाही त्याच्यासाठी वेगळी फाइल असते, मृत सैनिकाची फाइल, त्यात मृत्यू, दफन, खिशातल्या वस्तू आणि आईवडिलांनी सरकारला लिहिलेली पत्रं असतात, ती मागवायच्या आधी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या, त्यात शरीराची वर्णनं असतात आणि सगळ्यांना ती वाचवत नाहीत.

घरच्यांशी बोलताना

आजोबा बोलत नव्हते म्हणजे लपवत होते असं नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा ज्या कंपनीत गेला तिथे त्याला ओळखणारं कोणी नव्हतं, महिन्याभरात बरोबरचे बहुतेक गेले, आणि तो स्वतः गोळीने नाही तर पायाने बाहेर पडला. त्या काळी ट्रेंच फूटला शिस्तीचा प्रश्न धरायचे, मोजे बदलले नाहीत म्हणून झालं असं ऐकवायचे, आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्यात बसलेल्याने मोजे वाळवायचे कुठे हे कोणी विचारत नव्हतं. त्या हिवाळ्यात युरोपमधे अमेरिकेची साधारण ४५ हजार माणसं ह्याच कारणाने हॉस्पिटलात गेली. सासूबाईंना मी हे आकडे दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या की बाबा घरात कोणालाही ओल्या पायांनी फिरू द्यायचे नाहीत, ओरडायचे. एवढं एकच त्यांच्याकडून आलं होतं, आणि तो धागा कागदाशी जुळला. तुम्हीही "युद्धात काय झालं" असं विचारू नका, बारीक विचारा. आजोबा काय खायचे नाहीत, कशाचा आवाज सहन व्हायचा नाही, नाताळात कुठल्या मित्राचं कार्ड यायचं. कार्डावरचं आडनाव मॉर्निंग रिपोर्टमधे सापडतं, खरंच सापडतं.

आणि रिपोर्टमधे नको ते सापडलं तर, म्हणजे न विचारता गैरहजर किंवा मानसिक थकव्याने हॉस्पिटल, तर ते त्यांच्या मुलांना आधी एकट्यात सांगा, कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. आठवडेच्या आठवडे आघाडीवर ठेवलेल्या माणसाचं हे व्हायचंच, डॉक्टरांनाही ते माहिती होतं.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की आपल्या साताऱ्या-कोल्हापूरकडच्या पणजोबांचं असं काढता येईल का. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन इटलीत होत्या, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना तिथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना १० जुलै १९४४ च्या लढाईत, मरणोत्तर, आणि जाधवांना ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर. आपल्याकडे ड्राफ्ट नव्हता, सगळे भरती झालेले, आणि कागदांची वाट वेगळी आहे. बटालियनच्या वॉर डायऱ्या लंडनला क्यू इथल्या आर्काइव्हजमधे आहेत, त्यात शिपायांची नावं क्वचित येतात, पण जे परतले नाहीत त्यांचं नाव आणि थडगं किंवा स्मारक कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजच्या साइटवर नंबर आणि गावासकट सापडतं. तिथे सुरुवात बटालियनपासून करायची, कंपनीपासून नाही.

शेवटचं काम, जे सापडलं ते तारखेवार एका कागदावर लिहा. डावीकडे तारीख, मधे जागा, उजवीकडे हे कशावरून कळलं ते, पाकीट, चौकट नंबर, रिपोर्टची तारीख. जिथे माहीत नाही तिथे रिकामी जागा सोडा, अंदाजाने भरू नका, कारण दहा वर्षांनी तुमचा अंदाज घरात खरं म्हणून चालू लागतो, ट्रक कंपनीसारखा. मूळ कागद लॅमिनेट करू नका, अॅसिड नसलेल्या फोल्डरमधे ठेवा, स्कॅन दोन ठिकाणी ठेवा आणि एक प्रत त्यांच्या गावच्या हिस्टॉरिकल सोसायटीला द्या. जाता आलं तर नोव्हेंबरमधे फोसेनाकला जा, तिथे ह्या लढाईचं एक छोटं म्युझियम आहे, आणि काल नदीच्या घळीत पायवाट अजून चालता येते. बूट वॉटरप्रूफ घ्या, त्या महिन्यात वाट पूर्ण चिखलाची असते.